सुप्याच्या माळावर, आईसोबत

आईला पवन्या ओळखता येतो, हे मला वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्यातल्या कच्च्या रस्त्यावरून आम्ही दोघी हळूहळू चालत होतो. ती मध्येच थांबली, गुडघ्यावर हात टेकून वाकली आणि गवताची एक काडी दोन बोटांत धरून म्हणाली, "हा पवन्या बघ. हा मिळाला की गुरं दुसऱ्या गवताला तोंड लावायची नाहीत." चार पावलं पुढे गेल्यावर, "हा मारवेल." आणि मग एकदम माझा दंड धरून, "अगं, तिकडं शिरू नको, कुसळी आहे ती. परकराचं वाटोळं होईल." मी सलवार घातली होती. परकर तिचा होता, पासष्ट वर्षांपूर्वीचा.

लहानपणी ती गुरांमागे जायची एवढंच मला माहीत होतं. त्या दिवसांबद्दल ती कधी फारसं बोललीच नव्हती, आणि खरं सांगायचं तर मीही कधी खोदून विचारलं नव्हतं. त्या सकाळी साधारण दोनशे पावलांत तिने मला सहा गवतं दाखवली. मी वहीत लिहून घेतली.

आम्ही इथवर कशा आलो ते सांगते. आईच्या सत्तराव्या वाढदिवसाला मी तिला एका मोठ्या व्याघ्र प्रकल्पात घेऊन गेले होते. पहाटे उठून जिप्सीत बसलो, तीन तास धक्के खाल्ले. पुढे गाड्यांची रांग, मागे गाड्यांची रांग आणि मध्ये धूळ. वाघ दिसला, म्हणजे झुडपाआड त्याचा मागचा पाय आणि शेपूट. गाडीतले सगळे आनंदले, मीही आनंदले. परतताना आई पाठ चोळत शांतपणे म्हणाली, "जंगलात जाऊन आलो, पण पाय काही जमिनीला लागला नाही."

तिचं म्हणणं बरोबर होतं. तिथे गाडीतून उतरायला मनाईच असते, आणि ती असायलाच हवी. पण ते वाक्य माझ्या मनातून जाईना. आईच्या उजव्या गुडघ्याला चढ चालत नाही, उतार तर त्याहून नाही. गड-किल्ले बाद, धबधब्यांच्या वाटा बाद. मला अशी जागा हवी होती, जिथे सपाटीवर तिच्या चालीने चालता येईल, हवं तेव्हा बसता येईल आणि मागून कोणी हॉर्न वाजवणार नाही.

माझं सगळं आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेलं आहे. त्या सवयीने मी महाराष्ट्रातल्या अभयारण्यांची यादी काढली आणि क्षेत्रफळाप्रमाणे लावली, लहानाकडून मोठ्याकडे. वरच्या ओळींमध्ये आलं रेहेकुरी, २.१७ चौरस किलोमीटर. मग लोणार, ३.८३. मग सुप्याचं मयूरेश्वर, ५.१४. त्याच्या खाली सागरेश्वर, १०.८७. यातल्या दोन जागांची नावं मी तोवर ऐकलीही नव्हती. त्या यादीचं प्रिंट अजून माझ्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं आहे, आणि गेली चार वर्षं आम्ही दोघी त्याच यादीवर फिरतो आहोत.

सर्वांत जास्त वेळा गेलो ते सुप्याला. चौफुल्याहून मोरगावकडे जाताना, पुणे जिल्ह्याच्या पर्जन्यछायेतल्या पट्ट्यात हे अभयारण्य आहे. १९९७ मध्ये जाहीर झालं, मुख्यतः चिंकारा या लहान हरणासाठी. गाडीतून बघणाऱ्याला तिथे 'काहीच नाही' असं वाटेल. मलाही वाटलं होतं. बुटक्या बाभळी, बोरी, खडकाळ जमीन आणि गवत. पहिल्या खेपेला तर मी मोठीच चूक केली. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी अकरा वाजता तिथे पोचलो. त्या उन्हात एक प्राणी दिसला नाही, एक पक्षी बोलला नाही. आईला गरगरायला लागलं, तिला गाडीत बसवून ओला रुमाल डोक्यावर ठेवावा लागला. तिच्या चेहऱ्याकडे बघून मला स्वतःचा खूप राग आला होता. त्यानंतर आम्ही उजाडताना आत असतो आणि ऊन चढायच्या आत बाहेर.

दुसऱ्या खेपेला, डिसेंबरात, चिंकारा दिसला. खरं तर आईला दिसला. मी दुर्बीण घेऊन लांबचं क्षितिज चाळत होते आणि ती माझ्या बाहीला हलकेच ओढत होती. जेमतेम साठ पावलांवर, वाळक्या गवताच्याच रंगाची एक मादी उभी होती. चिंकाऱ्याच्या मादीलाही शिंगं असतात, नरापेक्षा आखूड आणि सडपातळ. तिची शेपटी सारखी हलत होती, क्षणभरही स्वस्थ नव्हती. आम्ही दोघी श्वास रोखून उभ्या. मग तिने पुढचा पाय जमिनीवर आपटला, नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढला आणि चार उड्यांत ती लांब गेली. पळून थोड्या अंतरावर ती थांबली आणि वळून बघू लागली. आई म्हणाली, "शेळीसारखीच करते." मी नंतर वाचलं की चिंकारा बरंचसं पाणी पाल्यातून आणि पाल्यावरच्या दवातून मिळवतो, त्यामुळे पाण्याशिवाय बरेच दिवस काढू शकतो. इतक्या कोरड्या माळावर तो का टिकला, ते त्यावरून समजलं.

आता कुसळाबद्दल लिहिते. ते मला इतकं आवडलं आहे की चार लोकांना मी ते घरी बसवून दाखवलं आहे.

कुसळीच्या शेतातून जाऊन आलात की पायमोज्यांत शेकडो काटे घुसलेले असतात आणि ते काढताना जीव मेटाकुटीला येतो. एकदा परत आल्यावर मी ते उपटून टाकत होते, तर आई म्हणाली, "एक ओल्या रुमालावर ठेव आणि बघ." मी ठेवलं. एका टोकाला टोकदार, तपकिरी बी, त्यावर मागे वळलेली बारीक लव. दुसऱ्या बाजूला काळपट, लांब, पीळ पडलेली शेपटी. काही सेकंद काहीच झालं नाही. मग ती शेपटी हळूहळू फिरायला लागली. घड्याळाच्या काट्यासारखी, पण डोळ्यांना स्पष्ट दिसेल इतकी. वाळल्यावर तिला पीळ पडतो, ओल मिळाली की तो सुटतो. असं ओलं-कोरडं होत होत ते बी स्वतःलाच जमिनीत रुतवत जातं आणि लव मागे वळलेली असल्यामुळे परत वर येत नाही. पहिला पाऊस पडायच्या वेळेला बी मातीत बसलेलं असतं. आई आणि तिच्या मैत्रिणी लहानपणी थुंकी लावलेल्या तळहातावर कुसळ ठेवायच्या आणि कुणाचं आधी फिरतं त्यावर पैज लावायच्या.

हे गवत समजायला लागलं तसा मला एक जुना दिवस टोचायला लागला. काही वर्षांपूर्वी आमच्या कार्यालयाने वृक्षारोपणाचा कार्यक्रम केला होता. बस करून आम्हाला एका माळावर नेलं, खड्डे आधीच खणून ठेवले होते, आम्ही रोपं लावली, फोटो काढले. तो माळ कोणता हे महत्त्वाचं नाही. गिरिपुष्पाची रोपं होती बहुतेक सगळी. मी मनापासून लावली, सात-आठ तरी लावली असतील, आणि घरी येऊन फार समाधानाने झोपले.

सुप्याला आईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माळावर कशाला? गवताला सावली सोसत नाही." तिने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. जिथे झाडांची राई झाली तिथे गवत गेलं आणि मग गुरं लांब न्यावी लागली, एवढंच तिने पाहिलं होतं. पण अभ्यासकही आज तेच सांगतात. कमी पावसाच्या प्रदेशातलं गवताळ रान हे बिघडलेलं जंगल नव्हे, ती मुळातच वेगळी, हजारो वर्षं जुनी व्यवस्था आहे. तिचा कर्बाचा मोठा साठा जमिनीखाली, मुळांत असतो. काळविटाला लांबवरचं दिसावं लागतं, धावायला मोकळं लागतं. धाविक आणि चंडोल हे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. लांडगा, खोकड, तरस यांचंही घर हेच. आणि आपल्या कागदोपत्री मात्र अशा जमिनींची नोंद कित्येक दशकं 'पडीक' म्हणून होत आली. गिरिपुष्प तर मूळचा मध्य अमेरिकेतला. मी त्या दिवशी कुणाच्या घरात रोपं लावली, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. ते दुःख अजून गेलेलं नाही.

म्हणून सागरेश्वरला गेल्यावर माझा गुंता आणखी वाढला. सांगली जिल्ह्यातलं, यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्र्याजवळचं हे अभयारण्य १९८५ मध्ये जाहीर झालं आणि ते माणसांनी उभं केलेलं आहे. उजाड डोंगरांवर झाडं वाढवायची आणि तिथे हरणं आणायची हा ध्यास वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी घेतला आणि वनविभागाच्या सोबतीने तो तडीस नेला. आज तिथे सांबर, चितळ, काळवीट आहेत. आम्ही पायथ्याच्या वाटेने रेंगाळत फिरलो. आई एका वळणावर दगडावर बसली आणि मी एकटीच वर जाऊन कृष्णेचं खोरं बघून आले. हिरव्या पट्ट्यांमधून वळत गेलेली नदी, आणि पायाखाली मोहित्यांचा डोंगर. एका माणसाच्या हट्टातून एवढं रान उभं राहू शकतं, हे बघून मला भरून आलं. झाडं लावणाऱ्यांवर माझा राग नाही. कुठे लावायची हे ठरवण्याआधी त्या जमिनीकडे कोणीतरी नीट, वर्षभर, बघावं एवढंच मला वाटतं. आणि बघायचं तर पायी फिरावं लागतं.

रेहेकुरीबद्दल थोडक्यात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातलं, १९८० चं, काळविटांसाठीचं. एवढं लहान की कुठेही उभं राहिलं तरी पलीकडची शेतं दिसतात, आणि काळविटं त्या शेतांतही जातात. तिथे एका काटकीच्या टोकाला डांबरासारखा काळा चिकट ठिपका दिसला. नर डोळ्याखालच्या ग्रंथीतला स्राव असा पुसून ठेवतो. ही माझी हद्द, असं सांगायला. जवळच लेंड्यांचा ढीग होता, तीही त्याचीच खूण. दोन चौरस किलोमीटरच्या रानातही त्याने आपला तुकडा आखून घेतला होता.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जानेवारीत गेलो. गोदावरी आणि कादवेच्या संगमाजवळचा बंधारा विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा आहे. त्याच्या मागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि पक्षी यायला लागले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं, त्यामुळे आता त्याला 'अपरिचित' म्हणता येणार नाही. तरीही मधल्या वारी, चापडगावच्या बाजूला, आम्हाला तासभर कोणी भेटलं नाही. आईला पाणपक्षी फारसे ओळखता येत नाहीत. तिने सगळ्यांना 'बदक' म्हणून टाकलं आणि सूर्य वर येईस्तोवर त्यांचा कलकलाट ऐकत बसली.

अंजनेरीला मात्र मी एकटी गेले, कारण तिथे चढाई आहे. नाशिकजवळच्या या डोंगराला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. हा दर्जा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला, आणि त्याच दुरुस्तीने समुदायाने स्वतःच्या जमिनीवर राखायचं 'सामुदायिक राखीव'ही आलं. पर्यटनाच्या नकाशांवर अशा जागा सहसा नसतात. मी पावसाळ्यात गेले ते खर्चुडी या रानवनस्पतीची फुलं बघायला. या डोंगराच्या नावाने ओळखली जाणारी एक जात, सेरोपेजिया अंजनेरिका, २००६ मध्ये शास्त्राला नवी म्हणून नोंदली गेली. मला तीच दिसली की तिची बहीण, हे खात्रीने सांगण्याइतकी मी जाणकार नाही. पण त्या कंदिलासारख्या फुलासमोर मी अर्धा तास बसले. त्याच्या नळीत खाली वळलेले केस असतात. बारीक माश्या आत शिरतात आणि अडकतात, पराग अंगाला लागतात, मग केस कोमेजतात आणि माशीची सुटका होते. घरी येऊन आईला फोटो दाखवले. ती म्हणाली, "ह्याचे कंद आम्ही उकरायचो." मग थोड्या वेळाने, "उकरायला नको होते का गं?" तिच्या स्वरातली ती काळजी मला कायम आठवत राहील.

ज्यांना अशा ठिकाणी जायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. आधी वनविभागाकडे चौकशी करा. प्रवेशाच्या वेळा बदलतात, काही जागा काही काळ बंद असतात. पुणे जिल्ह्यात कडबनवाडी आणि शिर्सुफळ इथे आता वनविभागाची गवताळ सफारी आहे, तिची नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते. मातकट रंगाचे कपडे घाला. पाणी भरपूर न्या. गवत बघायचं तर पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात जा, सगळा माळ तुऱ्यांनी भरलेला असतो. भोवत्या बघायचे तर थंडीत. हे शिकारी पक्षी मध्य आशियाच्या बाजूने इथे येतात, दिवसभर गवतावर हातभर उंचीवरून तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री जमिनीवर, गवतातच झोपतात. आणि सर्वांत महत्त्वाचं, त्याच जागी परत जा. चौथ्या-पाचव्या खेपेला ती जागा उलगडायला लागते. पाच चौरस किलोमीटर असेल तर हे जमतं. कोणत्या बोरीवर खाटीक पक्षी बसतो, पखुर्ड्यांचे थवे पाण्यावर कुठल्या बाजूने येतात, हे आपोआप कळायला लागतं.

आणि रस्ता सोडू नका. हे मी हात जोडून सांगते. गेल्या हिवाळ्यात सुप्याला एक मोठी गाडी आमच्या देखत रस्ता सोडून गवतात घुसली. आत कॅमेरेवाले होते, लांब लेन्स खिडकीबाहेर. चिंकाऱ्यांचा छोटा कळप पळत होता आणि ही गाडी त्याच्या बरोबरीने. मी हात करून ओरडले, आई तर रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, तिच्या त्या गुडघ्यासकट. गाडी थांबली नाही, दुसऱ्या बाजूने निघून गेली. गेटवर मी तक्रार लिहून दिली. त्या चाकोऱ्या नंतर कितीतरी दिवस तशाच दिसत होत्या, गवत चेपलेलं आणि माती उखडलेली.

यंदा एप्रिलच्या शेवटी आम्ही पुन्हा गेलो, साडेसहालाच. रस्त्यात एका जागी माळटिटवीने ओरडायला सुरुवात केली. काळी टोपी, डोळ्यापुढे पिवळा पडदा, उंच पायांवर आमच्यासमोर इकडून तिकडे धावत होती. आई जागच्या जागी थांबली आणि मलाही थांबवलं. "हलू नको. अंडी आहेत." मला तर सगळीकडे खडेच दिसत होते. तिने बोट दाखवलं, त्याच गाडीच्या जुन्या चाकोरीपासून हातभर अंतरावर. चार अंडी, मातीच्या रंगाची, त्यावर काळसर ठिपके, निमुळती टोकं सगळी आत वळलेली. खाली चार-दोन बारीक खडे, बाकी काही नाही.

फोटो काढला नाही. जशा आलो तशाच उलट पावली मागे गेलो, आई माझ्या खांद्यावर हात ठेवून. पुष्कळ लांब गेल्यावर एका बाभळीखाली ती बसली आणि मी दुर्बीण लावली. टिटवी बराच वेळ आली नाही. ऊन तापायला लागलं होतं, माझा जीव वरखाली होत होता. त्या उन्हात अंडी उघडी. मग ती पाणवठ्याच्या बाजूने उडत आली. अशा उन्हात टिटव्या पोटाची पिसं भिजवून आणतात आणि अंडी गार ठेवतात. हिची ओली होती का ते एवढ्या लांबून दिसलं नाही. ती आधी भलत्याच दिशेला उतरली, दोनदा थांबली, आजूबाजूला बघितलं, मग चालत चालत त्या जागी आली. पिसं फुलवली आणि अलगद खाली झाली.

मी दुर्बीण आईच्या डोळ्यांना लावली.

"बसली," ती हळूच म्हणाली, आणि दुर्बीण परत द्यायला तयारच होईना.